किल्ली काढल्यावर

८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोन वाजला की बाबा माझ्या शेजारी येऊन उभे राहतात आणि गाडी निघाली का, असं विचारतात. नाही म्हटलं की मुकाट्याने परत खिडकीशी जाऊन बसतात. ते आता बघवत नाही, म्हणून कागद काढला. कपडे बेतायच्या टेबलावरच लिहितेय, तेव्हा खडूचे डाग लागले तर नाक मुरडू नकोस.

तू लोकांच्या अक्कलदाढा एका बैठकीत उपटतोस आणि दुरुस्तीला नेलेल्या बाबांच्या गाडीच्या एका दरवाज्याला सहा महिने लावतोस, हे कुठल्या डॉक्टरकीत बसतं? इकडे बाबांची एकेक गोष्ट गळत चालली आहे. शेजारी ओळखू येत नाहीत, जेवलो की नाही ते आठवत नाही. आई गेल्यावर ती कुठे आहे म्हणून रोज विचारायचे, आणि मी सांगितलं की रोज नव्याने रडायचे. गेल्या काही महिन्यांत ते विचारणं थांबलं. आईलाच विसरले म्हणून मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंही वाटलं.

आता त्यांच्या आठवणीत एक गाडी तेवढी उरली आहे. डॉक्टर म्हणाले की जे आठवतंय ते जवळ असू द्या, तेही फार दिवस टिकायचं नाही. तेव्हा रंगरंगोटी पुरे झाली. आहे तशी घेऊन ये.

बाकी क्षेम. आशीर्वाद नेहमीचेच, त्यांना अजून गंज लागलेला नाही.

तुझी ताई

२ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, बोलणी पोटभर खाल्ली. पण आहे तशी आणायची तर आणू काय? डिकीच्या तळाशी हात घातला तर बोटं थेट जमिनीला लागत होती. इंजिनाचं मात्र काय सांगू! मिस्त्रीने ते उघडून बघितलं आणि म्हणाला की हे तुम्हाआम्हाला पोचवून वर चालत राहील. शिलाई मशीनचे सुटे भाग डिकीत भरून बाबा गावोगाव हिंडले, तेवढ्यात दुसऱ्या दोन गाड्या भंगारात गेल्या असत्या. दवाखान्यात जाण्याआधी मी रोज ते डिझेलचं जड, ठाम धडधडणं नुसतं ऐकत उभा राहतो. तुझी भावजय म्हणते की माझं बोलणं इतकं कान देऊन कधी ऐकलं नाहीत.

सगळं कोरं करकरीत करतोय. मूळचा राखाडी रंग सापडला. आईने ठिगळ लावलेलं सीटचं कव्हर काढून नवं घातलं. डॅशबोर्डची खडखड गेली, दार आता एका बोटाने लागतं. आणि ती किल्लीची भानगड आठवते का? किल्ली काढून खिशात टाकली तरी इंजिन आपलं चालूच! मग बाबा दोनदा हॉर्न देणार, आणि आई ओले हात पदराला पुसत बाहेर येऊन, बॉनेट उचलून आतला खटका दाबणार, तेव्हा कुठे ते गप्प बसणार. इंजिन बंद करणारी एक बोटभर रबरी नळी फाटली होती, बाकी काही नाही. इतकी वर्षं कुणाला सुचलं नाही, मी ती बदलून टाकली. शहाणा मुलगा आहे की नाही?

दरवाज्यावरची चकचकीत पट्टी तेवढी यायची आहे. ती बसली की निघालोच. बाबांना साष्टांग नमस्कार. माझ्यावरचा लोभ गाडी येईपर्यंत तरी टिकवून धर.

तुझा
धाकटा

१९ एप्रिल

चि. धाकट्यास अ. उ. आ.

आली का तुझी पट्टी? काल बाबांनी मला अगदी अदबीने विचारलं की बाई, तुम्ही रोज किती वाजता कामाला येता. मी वेळ सांगितली. दुसरं काय करणार? पण गाडीचा विषय काढला तर पाठ म्हटल्यासारखं सांगतात: पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं आणि मगच किल्ली फिरवायची, घाई केली की ती रुसते.

पट्टीशिवाय निघ. हात जोडते, नाहीतर धाकटा आहेस म्हणून कान धरते, तुला जे लागू पडेल ते.

ताई

२७ मे

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तू गाडी पोचवून परतीची आगगाडी गाठायला निघालास तेव्हा बाबा बॉनेटवरून हात फिरवत होते आणि तुझे डोळे भरून आले होते. तसाच गेलास ते बरं झालं. तू कोपऱ्यावरून वळलास आणि ते मला म्हणाले की त्या साहेबांची गाडी फार छान आहे, पण ते ती इथेच विसरून गेले, त्यांना कळवायला हवं.

मग ते खिडकीशी जाऊन बसले. गाडी दारात उभी आहे आणि तिच्यावरून नजर टाकून ते रस्त्याकडे बघतात, आपली गाडी येतेय का म्हणून. मी त्यांना आत बसवून पाहिलं. परक्याच्या घरी बसावं तसे हात गुडघ्यांवर ठेवून बसले. एका बोटाने दार लागलं, तर म्हणाले की आमचं दोनदा आपटावं लागतं.

तू तिच्यासाठी काय काय केलंस ते मी बघितलं आहे. तुला हे लिहू नये असं ठरवलं होतं, पण न लिहून सांगू कुणाला?

ताई

४ जून

ती. ताईस नमस्कार.

पत्र वाचलं, आणि पेशंटला आ वासलेला तसाच ठेवून बाहेर येऊन बसलो. बाबांची गाडी मी इतकी नीट केली की ती बाबांची राहिलीच नाही. याला म्हणतात करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

खडखड परत आणता येईल का, म्हणून मिस्त्रीला विचारलं. तो मान हलवत दुसऱ्या गाडीकडे वळला. कव्हर तर आईच्या ठिगळासकट कचऱ्यात गेलं, ते मीच फेकलं. ते आठवलं की माझा माझ्यावरच संताप होतो.

एकच वस्तू राहिली आहे. उपटलेला दात मला लगेच टाकवत नाही, तशी ती फाटकी नळी मी खणात ठेवली होती. सोबत पाठवतोय. तिथल्या मिस्त्रीकडून नवी काढून ही बसवून घे. हँडब्रेक ओढून ठेव आणि किल्ली बाबांच्याच हातात दे. याउपर मला काही सुचत नाही.

धाकटा

२१ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

नळी बसवली. बाबा परक्यासारखेच आत बसले. पिवळा दिवा विझेपर्यंत थांबले, किल्ली फिरवली, थोड्या वेळाने काढून खिशात टाकली. इंजिन चालूच राहिलं. आणि धाकट्या, त्यांचा चेहरा बघायला तू हवा होतास! ऐसपैस मागे रेलले आणि म्हणाले, आली एकदाची आपली गाडी. मला रडू आवरेना.

मग त्यांनी दोनदा हॉर्न दिला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसले.

तुला ठाऊक नसेल, तू लहान होतास. ती नळी बदलून देतो असं मिस्त्रीने तेव्हाच सांगितलं होतं. बाबा म्हणाले की राहू दे, त्या निमित्ताने ती दारात घ्यायला येते. मीही हे विसरून गेले होते, नाहीतर नळी बसवलीच नसती.

मीच जाऊन खटका दाबला. बाबा उतरले आणि मला विचारलं की बाई, आज तुम्ही कशा आलात, ती कुठे आहे. पुन्हा सगळं सांगावं लागलं. पुन्हा तसेच रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि आता रोज तेच. नवी नळी घालावी तर गाडी परकी, जुनी ठेवावी तर आई कुठून आणू? मिस्त्रीला दोनदा बोलावलं आणि दोनदा तसंच परत पाठवलं.

एक मात्र आहे. इंजिन चालू असतं तोवर ते काही विचारत नाहीत. ती हात पुसते आहे, येईलच आता, अशा भरवशावर शांत बसून असतात. म्हणून मी खटका दाबायला उशीर करते, रोज आदल्या दिवसापेक्षा थोडा जास्त. धुरामुळे शेजारी कुरकुरतात, पण मी लक्ष देत नाही. आत्ताही गाडी चालूच आहे, टेबलावरची कात्री थरथरतेय. उठायला हवं, पण उठवत नाही.

जमेल तेव्हा ये. लोभ असावा असं तुला काय लिहायचं?

तुझी ताई

ता. क. तुझ्या मिस्त्रीला विचारून कळव: टाकी भरलेली असली, तर हे इंजिन जागच्या जागी किती वेळ चालतं?