वरून की दारातून

अण्णा,

तीर्थरूप वगैरे आज लिहीत नाही, कारण मी चिडले आहे. तुमच्यावर, तुमच्या जावयांवर, त्या गाइडवर, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. शेवटच्या पत्रात तुम्ही तब्येतीबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं, फक्त एक प्रश्न विचारला होता. आर्मेनियात डोंगरात कोरलेलं एक जुनं चर्च आहे, त्याचं चित्र तुम्ही वाचनालयातल्या मासिकात पाहिलं होतं. 'वेरूळच्या कैलासासारखं वरून खाली कोरलं, की दारातून आत शिरत गेले? कधी गेलीस तर छिन्नीच्या खुणा बघून कळव.' अमेरिकेत, एडिसनमधल्या आमच्या किचनमध्ये उभी राहून मी ते वाचलं आणि हसले. इथून आर्मेनिया काय नाक्यावर आहे? उत्तर लिहायचं राहिलं, आणि मग तार आली.

यंदा उन्हाळ्यात तुमच्या जावयांच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांची सोव्हिएत रशियाची टूर निघाली. त्यात आर्मेनियाचे दोन दिवस, आणि त्यातला अर्धा दिवस प्राचीन धर्मस्थळांचा. मी फक्त त्या अर्ध्या दिवसासाठी गेले, अण्णा. पण गाइड आधी सूर्याच्या देवळापाशी दीड तास बोलत राहिली, आणि तुमचे जावई एकेका खांबाचा फोटो काढत राहिले. "अहो, आटपा ना." "अगं, गाइडशिवाय बस सुटणार आहे का?" चर्चपाशी पोचलो तेव्हा हातात चाळीस मिनिटं होती.

आणि मी दारात बूट काढले. "मॉम, नोबडी इज टेकिंग देअर शूज ऑफ!" तुमची नात कुजबुजली. म्हटलं, "देवाच्या दारात काढायचे असतात. तूही काढ." तिने अर्थातच काढले नाहीत. आत काळोख होता, वितळत्या मेणाचा वास होता, आणि छताच्या मधोमध एक भोक. त्यातून उजेडाचा खांब खाली उतरत होता. म्हणजे वरूनच कोरत आले असतील? पण ते नुसतं उजेडासाठीही पाडलेलं असेल. भिंती काजळीने काळ्या, खुणा दिसेनात. गाइड म्हणाली, वर आणखी एक दालन आहे, बाहेरून पायऱ्या आहेत, तिथला दगड स्वच्छ आहे.

मी अकरा वर्षांची असताना तुम्ही वेरूळला माझी बोटं धरून भिंतीवरून फिरवली होती. "घाव कुठून आलाय, सांग." मी म्हटलं होतं, "कुठून का येईना, मला ऊन लागतंय." तुम्ही म्हणालात, "ज्याला विचारावंसं वाटत नाही, त्याने घरी बसावं." आणि परतीच्या एसटीत माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत.

बाहेर आले तर बूट गायब. आम्ही तिघं पंधरा मिनिटं शोधत होतो. गाइडला कळेचना की ते काढलेच कशाला. अंगण झाडणाऱ्या म्हातारीला वाटलं, ओले झाले असतील. तिने ते फाटकाजवळच्या कठड्यावर उन्हात वाळत ठेवले होते, नीट, जोडीने. मला बघून हसली बिचारी. तोवर बसचा हॉर्न वाजायला लागला होता. मोज्यांवरच पायऱ्या चढून गेले असते तरी चाललं असतं, हे मला बस निघाल्यावर सुचलं. "इट्स ओके, मॉम, इट वॉज जस्ट अ केव्ह," लेक म्हणाली. जावई म्हणाले, "लायब्ररीत पुस्तक मिळेल की." हॉटेल येईपर्यंत मी दोघांशी बोलले नाही.

घरी आल्यावर आईला फोन लावला. लाइन खरखरत होती. खुशाली वगैरे नाही, तिने पहिलंच विचारलं, "बघितलंस का गं, त्यांनी विचारलं होतं ते?" मी म्हटलं, "हो. वरूनच कोरलंय." "थांब हं," म्हणाली, आणि रिसीव्हर खाली ठेवून गेली. तुमच्या फोटोपाशीच गेली असणार. परत आली ती किती आनंदात. "सांगितलं हं त्यांना."

मी खुणा पाहिलेल्या नाहीत, अण्णा. हे पत्र पाठवायचं तर आईच्याच पत्त्यावर जाईल, आणि ती वाचेल.