डोंगरावरच्या तळ्यातला निम्मा वाटा

आबा, तुम्ही ज्या डोंगराची राखण केलीत, तो आता अभयारण्य झालाय. कुंपणाचा आणि पाणवठ्यांचा निम्मा खर्च सरकार करणार, निम्मा देणगीदार. आज विश्रामबागेतल्या घरी ती बातमी लिहायला बसलो आणि तुमच्या तळ्याशी येऊन अडलो.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस होते. राखीव डोंगरावर तळं बांधायला संस्थान तयार झालं, पण निम्मा वाटा लोकांनी उचलला तरच. ऊसवाल्यांनी दगड वाहायला गाड्या दिल्या. पलटणीतल्या पोरांच्या घरून मनिऑर्डरीतले रुपये आले. धनगरांकडे द्यायला मेंढरंच होती. झाडं लावायच्या उघड्या उतारावर त्यांनी आठवडाभर कळप बसवावा, लेंड्यांचं खत हाच त्यांचा वाटा, असं तुम्ही सुचवलंत. तो म्हातारा धनगर हसतोय, मला अजून दिसतो. "आवं राखणदार, काल काठी उगारत हुता, आज बोलावताय. मेंढरांस्नी काय सांगू?"

"सांग, सरकारी पाहुनचार हाय. आन् तळं झालं की पान्याला तुज्या कळपाला वाट." तुम्ही शब्द दिलात. कळप आठवडाभर उतारावर बसला.

वाटा देणाऱ्यांची नावं घालून संस्थानाला अर्ज मी लिहिला. घरात शिकलेला मीच. तळं झालं आणि हुकूम आला, अर्जात ज्यांची नावं त्यांच्याच जनावरांना पाणी. धनगरांची नावं नव्हती. तुम्ही संस्थानच्या साहेबांना सांगून पाहिलंत. साहेब कागद दाखवत राहिले. कळप आला तेव्हा तुम्ही त्यांना कुंपणाशी अडवलंत, आणि मग स्वतः पुढं होऊन चार कोसांवरच्या ओढ्याला घेऊन गेलात. परत आल्यावर चुलीपुढं बसलात, भाकरी मोडली नाहीत. "त्यांची नावं का न्हाईत रं?"

"कागद संपला," मी म्हणालो. कागदाची तेव्हा खरंच टंचाई होती. तुम्ही मान हलवलीत. पुढच्या बाजाराला कोरेगावला गेलात आणि कोऱ्या कागदाचा दस्ता माझ्यापुढं ठेवलात. "लय म्हाग हाय. पर परत कुनाचं नाव ऱ्हायाला नगं."

त्या कागदांवर मी लिहायला शिकलो, असं लोकांना सांगत आलो. तुम्हाला मात्र खरं कधी सांगितलं नाही. साहेबाला द्यायच्या अर्जात मेंढरांच्या लेंड्या लिहायची मला लाज वाटली होती. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहितोय. त्या अर्जाचं शेवटचं अर्धं पान कोरं होतं.