पोह्यांवरचं इंग्रजी

अण्णा,

तुमच्यावर राग आहे, तो आधी काढून टाकते, मग बाकीचं. उद्या रविवार. उद्या आईकडे जायचं आणि तिला सांगायचं, की तुमचे जावई आणि मी आता एकत्र राहत नाही. शहराबाहेर, राऊ भागातल्या आमच्या फ्लॅटवर मी एकटी असते, आणि मी आईला सांगितलं तसे ते भोपाळला ट्रान्सफरवर बिलकुल गेलेले नाहीत, इथेच इंदुरात आहेत. एवढंच सांगायचंय. कॉलेजात सांगून झालं, दादाला कॅनडात फोनवर सांगून झालं, खालच्या मजल्यावरच्या बाईंना तर लिफ्टमध्ये उभ्या उभ्या सांगितलं. "वी हॅव स्प्लिट अप." लोक "ओह" म्हणतात आणि विषय बदलतात. पण आईसमोर बसलं की जीभ टाळ्याला चिकटते. मराठीत ते माझ्या तोंडून निघतच नाही, आणि ह्याला कारण तुम्ही आहात. हो, तुम्हीच! आणि आता टाळायलाही वाव नाही, कारण तिने रंगपंचमीला जावईबापूंना पुरणपोळीचं आवतण देऊन ठेवलंय.

आठवतंय ना तुमचं ते सकाळचं नाटक? स्वयंपाकघरातलं छोटं टेबल, आईने वाढलेले वाफाळते पोहे, आणि त्यांवर भुरभुरायच्या मसाल्याची, जीरावनाची डबी तुमच्या मुठीत. ज्याने आदल्या दिवशीचं एक फ्रेझल व्हर्ब वाक्यात घालून सांगितलं, त्याच्याच पोह्यांवर जीरावन. बाकीच्यांनी फिके गिळायचे. गेट, पुट, टर्न, असली साधीसुधी क्रियापदं. मागे अप, आउट, ऑफ लागलं की अर्थ कुठच्या कुठे. "पाठ करून येत नाही ते, वापरून येतं," तुमचं म्हणणं. आणि वर एक कायदा: वाक्य खरं पाहिजे. दादाने एकदा ठोकून दिलं, "अवर डॉग रॅन अवे." तुम्ही डबी मागे घेतलीत. "आपल्याकडे कुत्रा आहे? खोटं वाक्य इंग्रजीतसुद्धा खोटंच असतं." दादाने त्या दिवशी फिके पोहे खाल्ले आणि दिवसभर मला टपल्या मारल्या.

मग आम्ही खरं बोलायला शिकलो. फार शिकलो! मी गणिताच्या पेपरात माती खाल्ली. मराठीत सांगितलं असतं तर कान लाल झाला असता. मी म्हटलं, "आय मेस्ड अप माय पेपर." तुम्ही मान डोलावलीत आणि जीरावन भुरभुरवलंत. दादाला गोम सापडली. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष सोडल्याचं त्याने तिथेच सांगितलं, पोह्यांवर नजर ठेवून, "आय हॅव ड्रॉप्ड आउट." तुम्ही म्हणालात, "सेंटेन्स बरोबर आहे." आई मागे गॅसपाशी उभी, पाठ आमच्याकडे. तिला वाटलं असणार, चाललीय ह्यांची रोजची गिटपिट. तिला ते कळलं भाजीवाल्याच्या ठेल्यावर, शेजारच्या काकूंकडून. घरी येऊन पिशवी ओट्यावर आपटली आणि म्हणाली, "घरात तीन माणसं माझ्या हातचं खातात आणि माझ्या मुलाचं मला ठेल्यावर कळतं?" तुम्ही पेपर वाचत राहिलात. मी तुम्हाला म्हटलं होतं, आईलापण टर्न द्या. तर तुम्ही, "तिला कशाला त्रास." त्रास! पोहे तिने करायचे, आणि त्रास आम्ही वाचवायचा.

ते जाऊ दे. पण तुमचं दुखणं? त्या सकाळी डबी हातात घेऊन तुम्ही स्वतःच वाक्य सांगितलंत. "द डॉक्टर हॅज रूल्ड आउट सर्जरी." आवाज रोजचाच. दादाने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. आणि आई कढई घेऊन आली नि तुमच्या प्लेटमध्ये आणखी पोहे वाढून गेली. तुम्ही खाल्लेतही! तिला कळलं ते थेट दवाखान्यात, तुम्हाला बोलता येईनासं झाल्यावर. अण्णा, आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना वाक्यं जोडायला शिकवलीत, आणि बायकोला सांगायचं एक वाक्य तुम्हाला जमलं नाही. ह्याला काय म्हणायचं ते मला अजून कोणत्याच भाषेत सुचलेलं नाही.

आता मीही तेच शिकवते, कपाळ माझं. पोरं मोबाइलवर यादी उघडतात आणि घोकतात, कॉल ऑफ मतलब रद्द करना, लुक आफ्टर मतलब देखभाल करना. वाक्य सांगा म्हटलं की सगळ्यांचे आजोबा पास्ड अवे. एकाचे तर एकाच तासात दोनदा. शेवटी वैतागून मी तुमचा कायदा लावला, खरं वाक्य सांगा. मागच्या बाकावरची होस्टेलची मुलगी उठली. "मॅडम, आय कान्ट पुट अप विथ माय रूममेट." आणि रूममेट बाजूलाच बसलेली! "अच्छा? आज तक तो बोली नहीं," ती म्हणाली, आणि दोघींची तिथेच जुंपली. मला हसू आवरेना. निदान जिने ऐकायला हवं तिने ऐकलं तरी. माझं तर बघा. दर रविवारी आई शेवेचा डबा भरते, "जावईबापूंना भोपाळला पाठव गं, तिथे काय आपल्यासारखी शेव मिळते?" मी मान हलवते. आणि राऊच्या रस्त्याला लागले की प्रत्येक सिग्नलला एक एक बकाणा भरत मीच खाते. ह्या वयात हे शोभतं का मला?

एवढं शनिवारी लिहिलं आणि उठले. आज सोमवार आहे, परत बसलेय.

काल गेले. आईने पोहे केले, माझी प्लेट पुढे ठेवली, आणि बसायच्या आधीच सुरू, "रंगपंचमीला त्यांना म्हणावं सकाळीच निघा, गेरची मिरवणूक सुरू झाली की राजवाड्याकडचे रस्ते बंद होतात." मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. श्वास घेतला, पोह्यांकडे पाहिलं, आणि तोंडातून काय निघावं? "आई, वी हॅव स्प्लिट अप." माझाच मला इतका संताप आला, की वाटलं प्लेट उचलावी आणि चालू पडावं.

आईने हात लांब करून जीरावनाची डबी स्वतःकडे ओढून घेतली. "ह्या घरात वाईट बातमी इंग्रजीत येते," ती म्हणाली. "एवढं इंग्रजी मला येतं. तुम्ही लोक खाली बघून बोललात की समजायचं, काहीतरी खतम झालं. आता वर बघ आणि मराठीत सांग. तोवर मिळणार नाही."

मी सांगितलं. अडखळत, रडत, मध्येच हिंदीत घसरत, पण सांगितलं. आम्ही वेगळे झालो, आई. दिवाळीपासूनच. भांडण नाही, दुसरं कोणी नाही, एका घरात दोन भाडेकरू असल्यासारखं झालं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग इतके दिवस शेव कोण खात होतं?"

"मी."

"सगळी?"

"राऊ येईपर्यंत."

"बावळट," ती म्हणाली, आणि पदराने आधी माझं तोंड पुसलं, मग स्वतःचं. डबी माझ्याकडे सरकवली. मी म्हटलं, सुटले. पोहे एकदम थंडगार झाले होते, तरी मी खायला लागले. आणि तेव्हा तिने ते विचारलं, माझ्याकडे न बघता, ओट्यावर फडकं फिरवत. "त्या दिवशी अण्णा काय म्हणाले होते गं? दवाखान्यात जायच्या आधी. तू आणि दादा एकमेकांकडे बघत होतात, मी पाहिलं होतं. तेव्हा विचारायचं राहून गेलं."

इतकी वर्षं, अण्णा. इतकी वर्षं तिने ते जपून ठेवलं होतं.

मी सांगितलं. ऑपरेशन करण्यात अर्थ नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, हेच अण्णा म्हणाले होते. तिचा फडक्याचा हात थांबला. "आणि मी त्यांना अजून पोहे वाढले," ती म्हणाली. "मला वाटलं, चाललंय ह्यांचं नेहमीचं. आणि मी वाढत बसले." ती तिथेच स्टुलावर बसली. एवढीशी दिसत होती. मी येत्या रंगपंचमीचं, दादाचं, काहीबाही बोलत राहिले, पण तिचं लक्ष नव्हतं. मला बघवेना. म्हणून मी म्हटलं, "ते आणखी एक वाक्य म्हणाले होते, आई. हे मी तिला सांगायला हवं, पण तिच्यासमोर मला धीर होत नाही, असं." तिने वर पाहिलं. "असं म्हणाले?" "हो." "मराठीत?" "हो, आई. मराठीत." तिने मान हलवली, उठली, आणि शेवेचा डबा भरायला घेतला. ह्या खेपेला माझ्या नावाचा.

हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवायचं ठरवलं होतं, ते म्हणूनच आता ठेवत नाही. तो फोटो ती रोज पुसते, आणि तिला मराठी वाचता येतं. खोटं वाक्य मराठीतसुद्धा खोटंच असतं, माहीत आहे मला. पण ते तुम्ही म्हणायला हवं होतंत, अण्णा.