क्लॉक स्प्रिंग म्हणे!

४ फेब्रुवारी

जेवताना जावईबापू लेकीला म्हणाले, "करू दे की बाबांना. तेवढाच वेळ जातो त्यांचा." मी समोरच बसलो होतो. अजून बहिरा झालेलो नाही.

विषय लेकीच्या गाडीचा. हॉर्न मुका झालाय आणि स्टिअरिंगच्या मागे एअरबॅगचा लाल दिवा लागलाय, तो विझायचं नाव घेत नाही. म्हणजे गाडी कुठे आदळली तर स्टिअरिंगमधली पिशवी फुगेल की नाही, देव जाणे. आणि ही पोरगी त्याच गाडीतून रोज ट्रकांच्या रांगेतून कामाला जाते! जावईबापूंचा तोडगा काय, तर दिव्यावर काळी चिकटपट्टी. शिकलेला माणूस!

मी म्हटलं, मी बघतो. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, दोन वायरी जोडता येणार नाहीत मला? दुकान विकून हिच्याकडे राहायला आलो तेव्हापासून पेपर आणि दुधाची पिशवी, याशिवाय हातात काही आलेलं नाही.

५ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेलो होतो. तिथला जाड्या मेकॅनिक गाडी न बघताच म्हणाला, "क्लॉक स्प्रिंग गेली, काका. स्टिअरिंगच्या खाली गोल डबी असते. हॉर्नचा आणि एअरबॅगचा करंट तिच्यातूनच जातो. सोडा गाडी आणून."

क्लॉक स्प्रिंग! हसू आवरेना. अरे, घड्याळाची स्प्रिंग तू मला शिकवणार? म्हटलं, नवी डबी तेवढी मागवून दे, बसवायचं मी बघतो. तर म्हणे, "हॉर्नचं ठीक आहे, पण एअरबॅगशी खेळू नका. तोंडासमोर फुटली तर दात हातात येतील." आगाऊ.

९ फेब्रुवारी

गाडीचं माहितीपुस्तक भिंग लावून वाचतोय. कंपनीने पिशवीबद्दल सगळं सांगितलंय, फक्त मुंगीच्या अक्षरात. आधी बॅटरीची वजा बाजूची वायर काढायची. मग लगेच हात घालायचा नाही, गाडी तशीच राहू द्यायची, कारण बॅटरी तोडली तरी आत थोडा करंट साठून असतो. पिशवी काढली की मऊ बाजू वर करून ठेवायची. उपडी ठेवली आणि फुटली, तर अख्खा डबा उडून छताला लागेल. मीटर लावून तपासायची नाही. त्या तेवढ्या करंटनेही फुटू शकते म्हणे.

लेक दोनदा येऊन डोकावून गेली. "बाबा, जमेल ना?" विचारलं काळजीने, पण मला झोंबलं.

११ फेब्रुवारी

झालं! चाकं सरळ केली, बॅटरी तोडली, सावकाश चहा प्यालो, मग हात घातला. पिशवी काढली, मऊ बाजू वर करून मागच्या खोलीतल्या पलंगावर ठेवली आणि दाराला कडी घातली. स्टिअरिंगच्या नटावर आणि दांड्यावर रंगाची खूण केली. नट सैल करून तसाच राहू दिला, नाहीतर ओढताना स्टिअरिंग तोंडावर येतं. एक पाऊल चुकलो नाही.

नव्या डबीत पातळ पट्टीची गुंडाळी. वर एक प्लॅस्टिकची खुंटी ठोकून तिला अडकवून ठेवली होती. स्प्रिंगला कुलूप? कुणाची अक्कल ही! खुंटी उपटून फेकली, आणि डबी फिरवून जवळजवळ शेवटपर्यंत चावी भरली. मग बसवली.

हॉर्न असा वाजला की समोरच्या बाल्कनीत माणसं आली. लाल दिवा लागला आणि विझला. लेक हसली. जावईबापू म्हणाले, "वा!" इतकंच. पण म्हणाले.

१२ फेब्रुवारी

बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

१३ फेब्रुवारी

लेक उशिरा आली, चेहरा उतरलेला. ऑफिसच्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं, आतून टक् असा आवाज आला. हॉर्न बंद. दिवा परत लाल. तशीच गाडी चालवत घरी आली. म्हणजे हमरस्त्यावरून, पिशवीचा भरवसा नसताना, माझ्या कर्तबगारीवर!

किल्ली टेबलावर ठेवून ती आत गेली. जावईबापूंनी मात्र फोनवर मित्राला सांगितलं, "अरे, आमच्या सासऱ्यांनी स्टिअरिंगला चावी दिली!" आणि हसले. खो खो हसले.

१४ फेब्रुवारी

मान खाली घालून जाड्याकडे जावं लागलं. त्याने कपाळाला हात लावला. "काका, ती स्प्रिंग नाहीच! नुसती वायरची पट्टी. स्टिअरिंग डावीकडे फिरलं की एका बाजूला गुंडाळते, उजवीकडे फिरलं की सुटते. म्हणून बरोबर मध्यावर ठेवायची असते. ती खुंटी त्यासाठीच होती. बसवून झाल्यावर काढायची. तुम्ही एका टोकाला नेऊन बसवलीत, मग वळणावर तुटणार नाही तर काय?"

स्प्रिंग नाही, तर नाव स्प्रिंग का ठेवता? एखादा ड्रायव्हर असता, शिंपी असता, तर खुंटीला हातही लावला नसता त्याने. मला जन्माची खोड. गुंडाळी दिसली की चावी भरायची. मला जे येतं त्यानेच माझा घात केला. राग येतोय, आणि कुणावर काढावा कळत नाही.

१७ फेब्रुवारी

जावईबापू: "आता गॅरेजला देऊन टाकू."

मी: "नाही. माझ्या हातून बिघडलंय, मीच नीट करणार." आवाज चढला माझा. लेक मध्ये पडली. म्हणाली, "करू द्या त्यांना." पण माझ्याकडे बघितलं नाही.

२५ फेब्रुवारी

दुसरी डबी बसवली. सगळं पहिल्यासारखं, सावकाश. खुंटी शेवटी काढली. स्टिअरिंग पार डावीकडे, पार उजवीकडे, पुन्हा पुन्हा फिरवून बघितलं. हॉर्न वाजतोय, दिवा विझलाय. या वेळी कुणाला हाक मारली नाही. आपण होऊन किल्ली लेकीच्या हातात दिली.

१ मार्च

लेक म्हणते, "एकदम छान चालतंय, बाबा. काही आवाज नाही." जावईबापूंचं हसणंही थांबलंय. बरं वाटतंय. सकाळी तिचा हॉर्न फाटकाशी ऐकू येतो तेव्हा तर फारच.

६ मार्च

एक गोष्ट सुचली आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

घड्याळ दुरुस्त केलं की मी ते लगेच गिऱ्हाइकाला देत नसे. आठवडाभर भिंतीवर टांगायचं, दुसऱ्या घड्याळाशी पडताळायचं. पुढे जातंय, मागे पडतंय, कळायचं. या पिशवीला कुठे टांगू? दिवा विझला म्हणजे करंट पोचतोय, एवढंच. मी प्लग पूर्ण दाबला होता का? दाबला होता. नक्की? ते कळण्याचा एकच दिवस असतो, आणि त्या दिवशी समोर माझी पोर असणार.

जावई हसला, तो अपमान परवडला. हे नाही सोसत.

८ मार्च

लेकीला म्हणावंसं वाटलं, एकदा गॅरेजमध्ये दाखवून घे. जीभ रेटेना. एवढा आरडाओरडा करून किल्ली मिळवली होती ना मी? आता कोणत्या तोंडाने सांगू? तिला यायला उशीर झाला की फाटकाशी जाऊन उभा राहतो. काल तिने विचारलं, "कुणाची वाट बघताय?" म्हटलं, कुणाची नाही.

१० मार्च

शेवटी जाड्याकडे गेलो. म्हटलं, माझं काम एकदा उघडून बघ बाबा, आणि लेकीला कळू देऊ नकोस.

तो पाना पुसत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही दुसरी डबी बसवलीत ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ताई येऊन गेल्या, काका. डबी, प्लग, सगळं नवं बसवून घेतलं. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या."

"माझं कसं होतं?"

"तसं बघितलं नाही. काढलं आणि भंगारात टाकलं."

तिने केलं ते बरोबरच केलं. मीही तेच करायला गेलो होतो. आज ती उशिरा येणार आहे आणि मी फाटकाशी गेलेलो नाही. पण टाकायच्या आधी एकदा बघायला तरी सांगायचं होतंस, बाळ.