घड्याळ म्हणतं, पोरगी मंदावली

माझ्या विसराळू लेकीस भरभरून आशीर्वाद.

पोरीबरोबर दिलेल्या पिशवीत माझ्या चष्म्याचं घर आठवणीने घातलंस, चष्मा मात्र तिकडेच ठेवून घेतलास. म्हणून हे पत्र मी सांगतेय आणि तुझी पोरगी लिहून घेतेय. असो, ती मला चष्म्याशिवायही दिसते.

आजारपणानंतर डॉक्टरांनी तिला हळूहळू पळायला सांगितलंय. मनगटावरचं घड्याळ सगळं मोजतं. काल ते म्हणालं, वेग कमी झाला. झालं! बाईसाहेब बूट काढून बसल्या. "आजी, मला नाही जमणार."

मी म्हटलं, "अगं, पहिल्या दिवशी जिन्यात प्रत्येक मजल्यावर बसत आलीस. मी इथे दार धरून उभी, जीव टांगणीला. आज खालच्या शेजारणीशी भांडत भांडत, न थांबता वर आलीस. भांडायला छातीत दम हवा, तो तुझ्या घड्याळाला दिसतो का?"

हसली, आणि पुन्हा बूट चढवले. भांडणाचं ती लिहायला तयार नव्हती, मी डोळे वटारले तेव्हा लिहिलं.

रात्री अजून खोकते, पण पूर्वीसारखी नाही. तू उगाच रडत बसू नकोस. जावयांचा गुडघा कसा आहे?

शेंगदाणे आणि गूळ पाठव, या वेळी दुप्पट पाठव. परवापासून ती माझ्या ताटातलंही उचलून खाते.

तुझी आई