नानांच्या नावाचा कंदील

कोबे, १८ ऑगस्ट १९३४

तीर्थरूप आईस वासुदेवाचा दंडवत.

मी खुशाल आहे. चैत्रात इथे साकुराचा बहर पाहिला, ज्येष्ठात तळ्याकाठची जांभळी फुले. वराळ्याच्या शेतात यंदा लावणी कोणी करून घेतली?

परवा इथला पितरांचा सण झाला. लोक कागदी कंदील समुद्रात सोडतात. घरमालकीणबाईंनी विचारले, "तुमचं कोणी गेलंय का?" वडील गेल्याचे सांगून मी नानांचे नाव लिहून कंदील सोडला. ते गेल्याची तार आली, तेव्हा मी कचेरीत काम करीतच राहिलो होतो. परवा मात्र किनाऱ्यावरून उठवेना. बाई शेजारी बसून राहिल्या.

सोबतीला शेजारच्या धोंडाबाईंना बोलावत जा.

कार्तिकात शेवंतीचे मोठे प्रदर्शन असते. ते पाहूनच जा, असे सगळे म्हणतात. मी आश्विनातल्या बोटीचे तिकीट काढले आहे.

तुझा,
वासू