सावकाश या, घाई नाही

मुक्ताईनगर,
११ फेब्रुवारी २०२५

चि. मोहिनीस सुगंधाआत्याचे अ. उ. आ.

पोरी, तू जिवंत आहेस हे डोळ्यांनी पाहून आलेल्यांनी सांगितलं, तरी मला अजून खरं वाटत नाही. माय वं, असं कुणी करतं का? तुझ्या बापाने, नानाने, घरात ताकीदच दिली आहे, मोहिनीला कुणी फोन करायचा नाही. पत्राचं तो काही बोलला नाही, म्हणून लिहिते. भिकन केळीची गाडी घेऊन रोज जळगावला जातोच. कालचा सगळा गोंधळ त्याच्यामुळे झाला, तेव्हा टपालही त्यानेच वाहावं.

इकडे काय झालं ते ऐक. काल दुपारी भिकनचा नानाला फोन आला, की मोहिनीची तब्येत जास्त आहे, निघा. आता आपल्याकडे कुणी गेलं असं फोनवर सांगतच नाहीत. तब्येत जास्त आहे म्हणायचं, पुढचं ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. तुझ्या आजोबांच्या वेळी मलाही असंच सांगितलं होतं. तरी नानाने मन घट्ट करून तुमच्या कॉलेजच्या त्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्रात फोन लावला. तिथला कारकून म्हणाला, मोहिनी अगदी ठीक आहे, पण आत्ता फोनवर येऊ शकत नाही, काळजी करू नका, यायचं तर सावकाश या, घाई नाही. झालं! नानाच्या हातातून फोनच पडला. सावकाश या असं कुणाला सांगतात ग? ज्याचं माणूस वाट बघायला उरलेलं नसतं, त्याला.

मग काय विचारतेस. नाना चौघांबरोबर गाडीत बसून निघाला. शेजारच्या बेबाबाईने आमच्या चुलीवर पाणी ओतलं. तुझी आई रडलीसुद्धा नाही, नुसती भिंतीकडे बघत बसली. तुझा प्रेमराजमामा धुळ्याहून गाडीभर माणसं घेऊन निघाला, आणि तुला पाहिल्यावर त्याचा इकडे फोन आला तेव्हा त्याच्या तोंडून दुसरं काही निघेचना, जिती शे, जिती शे, एवढंच. आणि तू म्हणे तिथे गळ्याला लाल रंग फासून पोहे खात होतीस!

नाना घरी आला तो पायही न धुता ओट्यावरच बसला. रात्री एवढंच बोलला, की रविवारी जाऊन पोरीला घेऊन येतो, कोर्स बंद. मी मध्ये पडले नाही. मलाही तुझा रागच आला आहे. तरी जपून राहा, आणि आत्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी,
सुगंधाआत्या


मेहरूण, जळगाव,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. सुगंधाआत्यास मोहिनीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र भिकनदादाने फाटकावर दिलं. माझ्या तोंडाकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती, आणि माझी त्याच्याकडे. आत्या, घरात चुलीवर पाणी ओतलं हे वाचलं आणि मी जिन्यातच बसले. मला यातलं काहीएक माहीत नव्हतं ग.

सोमवारी आमचा मोठा सराव होता. तीन मजली इमारतीत खोटा धूर करतात. कुणी जखमी व्हायचं, कुणी बेशुद्ध, बाकीच्यांनी त्यांना बाहेर काढायचं. ज्याला वाचवता येणार नाही त्याच्या मनगटाला काळी पट्टी बांधतात, म्हणजे आधी बाकीच्यांकडे धावता येतं. माझ्या गळ्याला खोट्या जखमेचा लाल रंग फासला आणि वाट्याला काळी पट्टी आली. मला खाली आणून कंपाउंडजवळ ठेवलं आणि तोंडावरून चादर ओढली. तेवढ्यात भिंतीपलीकडून माझ्या नावाची हाक ऐकू आली. मी आवाज ओळखला, आत्या. भिकनदादाच होता, चादर ओढताना त्याने भिंतीवरून मला पाहिलं असणार. पण मी हलले असते तर आमच्या तुकडीचा सराव बाद झाला असता, म्हणून मी डोळे मिटून पडून राहिले. तो पुन्हा हाक मारेल असं वाटलं होतं. त्याने नाही मारली.

कारकुनाने फोन घेतला तेव्हा मी तोंडावरची काजळी धूत होते, आणि आमचे मोबाईल संध्याकाळपर्यंत कपाटात असतात. तो बिचारा खरं तेच बोलला. मग नाना आले. मी हसून पुढे गेले, तर गालावर अशी बसली की कानात घंटा वाजली. लागलं त्याचं काही नाही ग. पण मारल्यावर ते तिथेच मातीत बसले आणि माझा पाय धरून बसले, सगळ्यांसमोर. मला काय करावं सुचेना.

पुढच्या आठवड्यात शेवटची परीक्षा आहे. नानांनी रविवारी नेलं तर सगळं वाया जाईल. मी इथे कशासाठी आले ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आपला कुंदन वरणगावच्या रस्त्यावर पडला तेव्हा दहाजण जमले होते. चांगल्या मनाने त्याला हातापायांना धरून उचलला आणि रिक्षात कोंबला. नुसतं पाठीचा कणा न हलवता सपाट फळीवर उचललं असतं तर तुझा लेक आज पायाने चालला असता. हे नानांना तू सांग. माझं ते ऐकणार नाहीत.

आणि तुझ्याकडे जुनं सुती कापड असेल तर पाठव. मोडलेला हात गळ्यात बांधायला त्रिकोणी पट्ट्या लागतात, आणि सरावासाठी फाडून फाडून आमच्या चादरी संपल्या. तुझा राग मला कबूल आहे, फक्त माया आटू देऊ नकोस.

तुझी,
मोहिनी


मुक्ताईनगर,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. मोहिनीस अ. उ. आ.

तुझं पत्र मी ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं, नानाला ऐकू जावं म्हणूनच. तो अंगणात ठिबकच्या नळ्या धूत होता. कुंदनचं आलं तेव्हा त्याचे हात थांबले. पुढचं मी मनातच वाचलं. मग तो उठून माझ्याजवळ आला, पत्र हातातून घेतलं आणि मळ्यात निघून गेला.

आता एक सांगते, मनाला फार लावून घेऊ नकोस. मलाही ते काल कळलं, गाडीत बरोबर असलेल्या योगराजकडून. जळगावला जाताना नानाने भुसावळला गाडी थांबवली होती. दुकानात एकटाच गेला आणि पांढरं कोरं कापड घेऊन आला. तुझ्यासाठी. तुझ्या अंगावर घालायला. जळगाव येईपर्यंत ते मांडीवर धरून होता.

वाचलंस? मढ्यासाठी घेतलेलं कापड दुकानात परत करत नाहीत, घरात आणत नाहीत. ज्याच्यासाठी घेतलं ते माणूस हसतंखेळतं असताना ते टाकवतही नाही. म्हणून त्याने ते मळ्यात मोटारीच्या खोलीत ठेवलं आहे. लाईट आली की मोटार चालू करायला जातो आणि तिथेच बसून राहतो. जेवायला चारदा हाका माराव्या लागतात.

पट्ट्यांसाठी माझी दोन जुनी लुगडी बांधून ठेवली आहेत. गाठोडं बांधताना नानाने विचारलं, हे कशाला? मी सांगितलं. त्याने एका लुगड्याची कड बोटांत धरून ताणून पाहिली. रविवारचं काय ते मी विचारलं, तर उठून मळ्याकडे निघून गेला. देव करो आणि त्याचं मन वळो. मी आहेच तुझ्या बाजूला, राग धरून का होईना.

तुझी,
आत्या


मुक्ताईनगर,
१५ फेब्रुवारी २०२५

चि. मोहिनीस नानाचा आशीर्वाद.

अक्कासारखं मला लिहिता येत नाही. थोडक्यात लिहितो.

त्या दिवशी गाडीत बरोबर चौघं होते. वरणगाव गेलं, भुसावळ गेलं, कुणी तोंड उघडलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, पोहोचल्यावर बघू. तो रस्ता मी कसा काढला ते माझं मला माहीत. उद्या तू या कामात पडलीस की तुलाही कुणाच्या बापाला फोन करावा लागेल. जे असेल ते पहिल्याच वाक्यात सांगत जा. जिवंत असेल तर त्याच्या लेकराचा आवाज ऐकव. नसेल तर नाही म्हणून सांग. सावकाश या असं कुणाला म्हणू नकोस.

अक्काच्या लुगड्यांखाली पांढरं कापड आहे. ते कशाचं आहे ते तुला तिने कळवलंच असेल, तिच्या पोटात काही राहत नाही. भिऊ नकोस. सुती आहे, चांगलं घट्ट आहे. त्याच्या पट्ट्या कर. सगळ्याच्या कर, वीतभरही उरवू नकोस. जिवंत माणसांना बांध.

मी उद्या येतो आहे. न्यायला नाही. तुझ्या परीक्षेनंतर तू आपली ये. तुमच्या पोरापोरींसाठी केळीचे दोन घड आणतो.

तुझी आई बरी आहे, चूल पेटली आहे. एक पट्टी मात्र मी येईपर्यंत राखून ठेव. माझ्या उजव्या हाताला बांध. तुझ्यावर उठला तेव्हापासून तो मला उचलवत नाही.

जीव लावून शिक, आणि बापावर लोभ राहू दे.

तुझा,
नाना